मास्तर रोज हरत होते

पार्सल ऑफिसातल्या काटाताईंच्या हातात कोणताही बॉक्स द्यावा आणि वजन विचारावं. त्या तो एकदा खालीवर करणार, मान जराशी तिरकी करणार आणि सांगणार, "तीन किलो आठशे." काट्यावर ठेवला की तेवढाच भरणार, फार तर पन्नास ग्रॅम इकडेतिकडे. बावीस वर्षं काउंटरवर काढली की असलं काहीतरी हातात येतंच, त्यात जादू नाही. पण ऑफिसात सगळे जादूच समजत, आणि बाईंचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. अशा बाईंच्या घरातून तेरा किलो वजन गेलं आणि त्यांना पत्ता नाही. का गेलं, भरून येईल की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

सुरुवात एका मनगटापासून झाली. पार्सल दोन दिवस उशिरा आलं म्हणून तावातावाने आलेल्या एका गिऱ्हाइकाने काउंटरवरून हात घालून काटाताईंचं मनगट धरलं आणि सोडेचना. मारलं नाही, ओढलं नाही, नुसतं आवळून धरलं आणि तोंडाचा पट्टा चालू. काटाताईंची जीभ काय चीज आहे हे मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळे जाणून होते. त्या दिवशी मात्र त्या जिभेतून एक शब्द फुटला नाही. हात मागे ओढला तर हात जिथल्या तिथे. शेवटी आतून व्हॅनचा ड्रायव्हर धावत आला तेव्हा सुटका झाली. मनगटावर उमटलेली चार बोटं दोन दिवसांत गेली, बसलेला धक्का गेला नाही. दिवसाला शंभर बॉक्स उचलणारी धडधाकट बाई, आणि एका माणसाच्या मुठीपुढे तिचं काहीच चालू नये? हे काही केल्या पचेना.

त्या ड्रायव्हरची बायको टायरच्या दुकानावर, जिना चढून, एका क्लासला जायची. कुस्तीसारखंच असतं, तो म्हणाला, पण बराचसा खेळ जमिनीवर पडून. पकडायचं, सुटायचं, हातापायाचे पेच, गळ्याचे पेच, आणि अंग तयार झालं की हातमोजे घालून ठोसे आणि लाथा. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात त्याला.

"नाव राहू दे," काटाताई म्हणाल्या. "धरलेला हात सोडवायला शिकवतात का, तेवढं सांग."

शिकवतात. पण तिथवर पोचायच्या आधी जे काही होतं, ते पाहून पहिल्या दिवशी तोंडात बोट घालायचीच वेळ आली. कोच म्हणजे तिशीतली एक मुलगी, एक कान चुरगळून वाळलेल्या कागदासारखा. तिने आधी बालवाडीतल्या बाईंसारखी सगळ्यांची नखं तपासली, काटाताईंच्या बांगड्या आणि कानातलं काढायला लावलं आणि म्हणाली, "आज फक्त पडायचं." पंचेचाळीस वर्षं पडू नये म्हणून जपलेली बाई तासभर धपाधप पडत राहिली. मग फरशा बसवायचं काम करणारा एक चांगला दांडगा माणूस आला, अदबीने म्हणाला, "ताई, बसू का?" आणि ताईंनी हो म्हणायच्या आत त्यांच्या पोटावर बसला.

काटाताई हबकल्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्या चोवीस वर्षांत तो मनगट धरणारा सोडला तर दुसरा कुठला पुरुष हातभर अंतराच्या आत आला नव्हता, आणि हा खुशाल पोटावर. त्याच्या अंगाला सिमेंटचा आणि साबणाचा वास. त्याहून आश्चर्य म्हणजे कुणी बघतही नव्हतं. खोलीभर माणसं एकमेकांच्या छातीवर बसून शांतपणे आकडे मोजत होती. कोचने सांगितलं, "सहन होईना की समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची. तो लगेच सोडतो." काटाताईंनी लगोलग थाप मारली. तो माणूस लगोलग उठला. त्यांनी परत एकदा करून पाहिलं. परत उठला. थाप मारली की पुरुष सोडतो, अशी एक खोली या जगात आहे आणि ती आपल्याला पंचेचाळिसाव्या वर्षी सापडते आहे, याने त्यांना जवळजवळ रडूच आलं.

क्लास आठवड्यातून तीन दिवस. कोचचं म्हणणं, मधल्या दिवशी घरीही सराव करा, कुणी मिळालं तर. घरी मिळणार कोण? मास्तर.

मास्तर म्हणजे काटाताईंचे यजमान. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, भिंतीला कापायचं टेबल, आणि गळ्यात टेप असा कायमचा की तो जन्मतःच होता असं वाटावं. गल्लीत त्यांना सगळे मास्तरच म्हणत. हात लावतील त्याचं सोनं होईल असं काम, स्वभावाने तिखट, आणि एक मोठी खोड: माणूस हरत नसे. पत्ते असोत, कॅरम असो, बुद्धिबळ असो, समोर कोण आहे हे न पाहता जिंकत. मुलगी सहा वर्षांची असताना कॅरममध्ये हरून रडायची, काटाताई डोळे वटारायच्या, पण मास्तर म्हणायचे, "खोटं जिंकवलं तर तिला खरं जिंकणं कसं कळणार?" आता मुलगी शिकायला दूर गेली तरी फोनवर बापाला अजून त्याच्यावरून ऐकवते.

तर हे मास्तर पहिल्या आठवड्यात बायकोच्या पोटावर बसले आणि हातात पेपर घेतला. काटाताई खाली धडपडतायत, कंबर उचलतायत, कोपर घुसवतायत, आणि वर मास्तर मोठ्याने बातम्या वाचतायत. "हं, होऊ दे तुझं. मला अजून शेवटचं पान वाचायचंय." दुसरा आठवडाही तसाच. तिसऱ्या आठवड्यात पेपर हातातून पडला. पाचव्या आठवड्यात काटाताईंनी कोचने शिकवल्याप्रमाणे त्यांचा एका बाजूचा हात आणि पाय अडकवला, कंबरेचा पूल केला, आणि मास्तर गादीवरून सरळ फरशीवर! मग काटाताई अशा हसल्या की शेजारीण दारात आली.

सातव्या आठवड्यापासून त्या वर आणि मास्तर खाली. नवव्यात तर रोजचंच झालं. संध्याकाळी ऑफिसातून आल्या, हातपाय धुतले, की गादी ओढायची, मास्तरांना पाडायचं आणि मग कुकर लावायचा. मास्तर पडले तरी नाक वर. "काय खातेस तरी काय गं? उद्या बघतो तुला." अलीकडे त्यांनी दाढी राखली होती. चांगली भरघोस, काळीपांढरी. काटाताई ती ओढून म्हणायच्या, "बघा बघा, रोज बघता."

ऑफिसात तर त्यांनी कहर केला. चौऱ्याहत्तर किलोचा नवरा लोळवते, हे गिऱ्हाइकांनासुद्धा सांगून झालं. आकडा खोटा नव्हता. गेल्या वर्षी मास्तर डबा द्यायला आले होते तेव्हा गंमत म्हणून पार्सलच्या मोठ्या काट्यावर उभे राहिले होते आणि बरोब्बर चौऱ्याहत्तर भरले होते. ते मनगट धरणारं गिऱ्हाईक परत यावं, अशी काटाताई आता वाट बघायला लागल्या होत्या.

मग तो रविवार आला. पुढच्या महिन्यापासून हातमोजे कुणाला द्यायचे हे त्या सकाळी ठरणार होतं. कोचने प्रत्येकाला नवा जोडीदार दिला. काटाताईंच्या वाट्याला तोच फरशीवाला आला. पहिल्या दिवसानंतर त्याच्याशी गाठ पडली नव्हती.

"वजन किती रे तुझं?" काटाताईंनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर, ताई."

"मग काय, माझं रोजचंच आहे."

तो बसला. काटाताईंनी हात अडकवला, पाय अडकवला, कंबर उचलली. काही झालं नाही. पुन्हा उचलली. तो जागचा हललाही नाही. घोरपडीसारखा चिकटून बसला असता तर निदान राग आला असता, पण तो बिचारा नुसता बसला होता, जोरही लावत नव्हता. घरी ज्या क्षणी मास्तर कलंडायचे, बरोबर तोच क्षण येत होता आणि रिकामा जात होता. जागा बदलून काटाताई वर बसल्या. दोन सेकंदांत छत दिसलं. "लागलं का ताई?" तो ओशाळून विचारत होता. ताईंना लागलं नव्हतं. त्या गादीवर तशाच पडून राहिल्या, कारण डोक्यात काहीतरी जुळत नव्हतं.

कोच शेजारी उकिडवी बसली. "चुकलं काही नाही तुमचं. पेच बरोबर होता."

"मग हलला का नाही? घरी तर रोज होतं. मिस्टर माझे एवढेच आहेत. चौऱ्याहत्तर."

"रोज होतं?"

"रोज. लोळवते."

कोचने कानामागे खाजवलं. तिला बोलावं की नाही असं झालं होतं. "ताई, नऊ आठवड्यांत एवढ्या वजनाचा माणूस रोज नाही पडत. कधीतरी पडेल. रोज नाही. एक तर ते मुद्दाम हरतायत," ती थांबली, "नाहीतर त्यांना एकदा काट्यावर उभं करा."

काटाताईंनी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. पहिल्यानेच तळपायाची आग मस्तकात गेली होती. मुद्दाम! महिनाभर आपण गावभर टिमकी वाजवत फिरलो आणि घरातला माणूस आपल्याला लहान पोरीसारखं खेळवत होता! हातमोज्यांचं विचारायलाही न थांबता त्या जिना उतरल्या आणि तरातरा घरी आल्या.

मास्तर मशीनवर एका शर्टाची कॉलर बसवत होते.

"तुम्ही मुद्दाम हरता माझ्याकडून?"

मशीन थांबलं. मास्तरांनी वर पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काटाताईंनी नीट पाहिलं, सुटकेसारखं काहीतरी आलं.

"हो," ते म्हणाले. "मुद्दामच. तुला बरं वाटावं म्हणून. आता भांडू नकोस, जा, चहा टाक."

काटाताई भांडायच्या तयारीने आल्या होत्या, दारातून इथवर चार वाक्यं जुळवूनही झाली होती. ती एकही इथे लागू पडेना. सहा वर्षांच्या पोटच्या पोरीला कॅरममध्ये एकदाही न जिंकवलेला माणूस, बायकोला बरं वाटावं म्हणून महिनाभर हरतो? आणि विचारताच कबूलही करतो? तेही न भांडता? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे सुंभ समोर धडधडीत बसलेला असताना पीळ कुठे गेला? कोचचं दुसरं वाक्य आत्ता कानात शिरलं.

"उठा," त्या म्हणाल्या.

"अगं, कॉलर..."

"उठा म्हणते ना."

मास्तर उठले. काटाताई त्यांच्या मागे गेल्या, काखेखालून दोन्ही हात घालून छातीपुढे गुंफले, क्लासात शिकवतात तसेच, आणि उचललं. पाय जमिनीवरून सुटले. काटाताईंना काही मोजायचं नव्हतं. पण बावीस वर्षांची सवय त्यांना विचारून थोडीच चालते? मान आपोआप तिरकी झाली आणि आकडा आला. एकसष्ट.

त्यांनी मास्तरांना हळूच खाली ठेवलं. काचेचं सामान ठेवतात तसं. रोज आपण अंगाला अंग लावून झोंबतोय, बरगड्यांवर गुडघे टेकवतोय, आणि हाताला काहीच कळू नये? कळलं होतं. रोज कळत होतं. तो हलकेपणा त्यांनी स्वतःच्या ताकदीच्या खाती टाकला होता आणि वर पेढ्यासारखा वाटत सुटल्या होत्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

"पण कपडे?" त्या कशाबशा म्हणाल्या. "कपडे तर बसतायत तुम्हाला."

काटाताई मागच्या दारी गेल्या. दोरीवर त्यांची राखाडी पँट वाळत होती. त्यांनी ती ओढली आणि कंबर उलटी केली. आत एक टीप उसवून दुसरी घातलेली, दुसरी उसवून तिसरी. प्रत्येक उसवलेल्या टिपेची बारीक भोकं ओळीने तशीच. तीन ओळी, आणि चौथी शिवण ताजी, सुबक, सरळ. दुसरी पँट तशीच. शर्टांच्या कडाही तशाच, खांदेसुद्धा सोडले नव्हते. दुसऱ्या कुठल्याही बायकोला नवऱ्याचे कपडे ढगळ झालेले दिसले असते. यांचा नवरा दर महिना-दीड महिन्याने स्वतःचं माप घेत होता, स्वतःला आत घेत होता आणि गालांवर दाढी वाढवत होता. चोवीस वर्षांत एवढं नीट काम त्यांनी कुणाचंच केलं नसेल.

पँट हातात घेऊन त्या आत आल्या तेव्हा मास्तर गादीच्या कडेला बसले होते.

"कधीपासून?"

"पाच-सहा महिने."

"दुखतं?"

"दुखत नाही. भूक नसते. दुपारी जेवतो म्हणायचो ते जेवत नव्हतो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी कोण, शेजारची आहे?"

मास्तर टेप बोटाला गुंडाळत राहिले. "डॉक्टरकडे गेलं की ते कशाचंतरी नाव घेणार. नाव घेतलं नाही तोवर मी बराच आहे, असं वाटत होतं. आणि तू..." ते थांबले. "तू परवा ऑफिसातून आलीस ती गल्लीतूनच शिट्टी वाजवत आलीस. तुझी शिट्टी मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली. कसं सांगणार?"

काटाताईंना मोठ्याने ओरडावंसं वाटलं, त्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याला हलवायचीच आता भीती वाटत होती.

"उद्या दवाखान्यात जायचं."

"उद्या दोन शर्ट द्यायचेत."

"उद्या जायचं."

"पुढच्या आठवड्यात बघू. एवढं काही झालेलं नाही, तू उगाच... मी सांगितलं ना, मुद्दाम हरतो म्हणून. ताकद आहे माझ्यात."

पुन्हा तेच! काटाताईंनी पँट बाजूला टाकली, बांगड्या काढून मशीनवर ठेवल्या.

"मुद्दाम हरता ना? मग आज मुद्दाम जिंका. झोपा इथे. मी वर बसते. मला एकदा खाली पाडलंत तर दवाखान्याचं नाव काढणार नाही, तुमच्या त्या पुढच्या आठवड्यापर्यंत. नाही पाडलंत तर उद्या माझ्याबरोबर यायचं. तोंडातून चकार शब्द न काढता."

मास्तरांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. पैज आली की हा माणूस मागे हटत नसे. "बघ हं," ते म्हणाले आणि आडवे झाले.

काटाताई बसल्या. बाहेर रविवारची सकाळ होती, शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, मशीनवर अर्धी कॉलर तशीच होती. मास्तरांनी पाय जवळ घेतले, श्वास भरला आणि कंबर उचलली. शर्टाखालून त्यांच्या बरगड्या गुडघ्यांना लागल्या. काटाताई तसूभरही हलल्या नाहीत.

"अजून," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा वर आल्या, दाढीत घाम उतरला. खोटं नव्हतं. खोटं करणाऱ्या माणसाचा असा श्वास लागत नाही. हा त्यांचा सगळा जोर होता आणि एवढाच होता. पाडा हो मला, काटाताई मनात म्हणत होत्या. आपटा फरशीवर, लागू दे, वर पेपर वाचा. त्यांनी गुपचूप एक पाय सैल केला, अंगाचा भार दुसऱ्या बाजूला नेला. असा पाय सैल दिसला की कोच पाठीत धपाटा घालायची. एवढ्या फटीतून क्लासातलं कुणीही त्यांना उलटं केलं असतं. मास्तरांना ती फट कळली. त्यांनी बरोबर त्याच बाजूला जोर लावला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा लावायला घेतला तेव्हा त्यांची कंबर गादीवरून उठलीच नाही.

मास्तर छताकडे बघत होते.

"तू पाय सोडला होतास," ते म्हणाले.

"हो."

"खोटं जिंकवत होतीस मला."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. चोवीस वर्षांत काटाताईंनी त्यांना हार मानताना पाहिलं नव्हतं. हार मानल्यावर त्यांचा चेहरा इतका साधा होतो, लहान मुलासारखा घाबरतो, हेही त्यांना आजच कळत होतं.

"किती वाजता निघायचं?" मास्तरांनी विचारलं.

"साडेआठला," काटाताई म्हणाल्या. "काही खाऊन निघू नका. रक्त काढतील."